इंग्लंडच्या खालच्या फुटबॉल लीगमध्ये खेळायला यायचं म्हणतोयस, आधी हे वाच

तू लिहिलंयस की वय 19, कोल्हापुरात तालमीच्या टीमकडून शाहू स्टेडियमवर खेळतोस, आणि एजंट म्हणतोय की स्टुडंट व्हिसावर ये, लीग टू (चौथा स्तर) नाहीतर नॅशनल लीगमध्ये (पाचवा स्तर) ट्रायल लावून देतो. मी बरीच वर्षं लँकशरमध्ये आहे, शनिवारी दुपारी तीनला मैदानावर असतोच, म्हणून स्पष्ट सांगतो, त्या एजंटला एक रुपया देऊ नकोस.

स्टुडंट व्हिसावर प्रोफेशनल खेळाडू म्हणून खेळायला सरळ बंदी आहे. आठवड्याला 20 तास काम चालतं ते दुकानात, हॉटेलात; क्लबमध्ये पगारावर खेळणं चालत नाही. क्लबने वर्क व्हिसासाठी स्पॉन्सर करायचं तर एफएचे (इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचे) पॉइंट लागतात, सहसा 15, आणि ते मिळतात देशाकडून किती मॅच खेळलास, तुझा आत्ताचा क्लब कुठल्या दर्जाच्या लीगमध्ये आहे यावरून, आणि आपला देश रँकिंगमध्ये शंभराच्याही खाली. सुनील छेत्रीचं 2009 मध्ये लंडनच्या क्यूपीआर क्लबशी ठरलं होतं तरी वर्क परमिट नाकारलं, कारण तेव्हा देश पहिल्या 70 मध्ये असावा लागायचा. बायचुंग भुतिया 1999 ला इथल्या बरी नावाच्या क्लबकडे आला आणि तीन सीझन राहिला, पण तो भारताचा स्टार होता. तुमच्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2019 ला ब्लॅकबर्न क्लबला ट्रेनिंगला येऊन गेला, क्लबचे मालक पुण्याचे वेंकीज, तरी त्याचं करिअर पुढे भारतातच, आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) झालं.

आता समजा जमलंच, तर आयुष्य कसं असतं तेही बघ. प्रीमियर लीगच्या 20 क्लबखाली 24-24 चे तीन डिव्हिजन, आणि तिथल्या बऱ्याच जणांचं विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. कॉन्ट्रॅक्ट एक-दोन वर्षांचं, 30 जूनला संपणारं, मे महिन्यात क्लब यादी लावतो कोणाला ठेवलं कोणाला सोडलं, मग नवं गाव, नवं भाड्याचं घर, पोरांची नवी शाळा, किंवा मधेच लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबला उसना, तिसरीकडे. मार्कस बेंट प्रीमियर लीगमध्येच आठ क्लबकडून खेळला, जेफरसन लुईसने तर खालच्या लीगमध्ये चाळीसच्या वर क्लब केले. आणि क्लबचाही भरवसा नाही, ज्या बरीकडे बायचुंग होता तो 2019 ला पैशांअभावी लीगमधूनच काढून टाकला, खेळाडू सीझन सुरू झाल्यावर रस्त्यावर.

इथल्या ॲक्रिंग्टन क्लबच्या मैदानावर मॅच संपली की मी थोडा थांबतो. लोक घरी जात असतात आणि ज्यांना मिनिटभरही खेळायला मिळालं नाही ते राखीव खेळाडू थंडीत रिकाम्या मैदानात स्प्रिंट मारत असतात, त्यात तिशी उलटलेले, गुडघ्याला पट्टी बांधलेलेही असतात. मला या लोकांबद्दल मनापासून आदर आहे, पण त्यांना व्हिसाची चिंता नसते, तुझं कॉन्ट्रॅक्ट गेलं की मुक्काम पण गेला.

म्हणून माझं मत, आत्ता आयएसएल नाहीतर तिच्या खालच्या लीगमधल्या (जुनं नाव आय-लीग) क्लबच्या ज्युनियर टीमसाठी जीव तोडून प्रयत्न कर. शिकायला यायचं असेल तर शिकायलाच ये, आणि युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये हौसेने खेळलेलं चालतं का ते त्यांच्या इंटरनॅशनल ऑफिसला आधी लेखी विचार, कारण प्रोफेशनलची व्याख्या इथे बरीच रुंद आहे, पैसे न घेताही माणूस त्यात बसू शकतो. एजंटचं नाव फिफाच्या लायसन्सवाल्या यादीत शोध, ती ऑनलाइन आहे, आणि ट्रायल कुठल्या क्लबमध्ये म्हणतोय ते मला कळव, इकडचा असेल तर मी स्वतः जाऊन विचारतो.