नोकरी सोडलीस, आता कराचं बघ

अगं, इंटिरियरची स्वतःची कामं घ्यायला लागलीस, छान झालं. पण आजच बँकेत एक वेगळं खातं उघड. किराणा, दुधाचं बिल आणि क्लायंटचे पैसे एकाच खात्यात असले की आयकराचं रिटर्न भरताना डोक्याला ताप होतो.

आता टीडीएसचं, म्हणजे पैसे देणारा आधीच कापून सरकारकडे भरतो त्या कराचं. तू ८० हजारांचं बिल दिलंस आणि कंपनीने १० टक्के कापून ७२ हजार पाठवले, तरी तुझं उत्पन्न ८० हजारच धरायचं. मी पहिल्या वर्षी हातात आलेलेच आकडे लिहून मोकळी झाले होते! एका क्लायंटने तर कापलेले आठ हजार सरकारकडे भरलेच नव्हते. मला कळलं ते वर्ष संपल्यावर. म्हणून दर तीन महिन्यांनी आयकराच्या पोर्टलवर एआयएस, म्हणजे तुझ्या उत्पन्नाची आणि कापलेल्या कराची नोंद, उघडून बघत जा. कापलेला कर दिसला नाही तर लगेच क्लायंटला फोन कर, संकोच करू नकोस.

आपल्या व्यवसायाला क्लायंटकडून आलेल्या जमेतली निम्मी रक्कम नफा धरून कर भरायची सोय आहे, वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल तर. हिशेबाच्या वह्यांची कटकट नाही. पण खर्च खरोखरच निम्म्याहून जास्त असेल तर सीएला विचारून ठरव.

टीडीएस वजा जाता दहा हजार किंवा जास्त कर निघत असेल, तर या सोयीत तो १५ मार्चपर्यंत भरायचा, नाहीतर व्याज लागतं. जीएसटीचं वर्षाची जमा २० लाखांच्या जवळ पोचली की बघू.