जुन्या मॉरिस मायनरचा क्लच नीट सुटत नाही, पेडल पूर्ण दाबूनही रिव्हर्स गिअर करकरतो. प्लेट नवी घालावी की जुनीलाच लायनिंग करून घ्यावं?

प्लेटचा विषय आधी बाजूला ठेवा. पेडल पूर्ण दाबूनही रिव्हर्स करकरतो असं तुम्ही लिहिलंय, चढाला क्लच घसरतो असं नाही. म्हणजे क्लच पकडतोय, सुटत नाहीये. लायनिंग, म्हणजे प्लेटवरचा घर्षणाचा थर, झिजला की क्लच घसरतो. सुटत नसेल तर दोष बहुधा दुसरीकडे असतो. पण बहुतेक मिस्त्री दोन्हीला एकच औषध देतात: गिअरबॉक्स उतरवा, सेट बदला.

आमच्याकडे हेच झालं. वडिलांची मायनर, सिरीज टू, ८०३ सीसीची. माझे आतेभाऊ घरात गाड्यांतले जाणकार. या दादांनी निकाल दिला, "क्लच गेला." एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उतरला, प्लेट आणि प्रेशर प्लेट नवी पडली, आणि गाडी तशीच करकरत घरी आली. दादा म्हणाले, नवीन प्लेट बसायला वेळ लागतो. पुन्हा उतरवायची बोलणी सुरू झाली तेव्हा मी गाडी स्टँडवर घेतली, खाली सरकलो आणि आईला पेडल हाताने हळूहळू दाबायला सांगितलं. पेडल निम्म्यावर आलं तरी फोर्क, म्हणजे क्लच सोडवणारा शेवटचा दांडा, जागचा हलला नव्हता!

मायनरचा क्लच ना हायड्रॉलिक, ना केबलचा. पेडलपासून रॉड, मग चेसिस आणि बेल हाऊसिंगच्या (क्लचवरच्या कव्हरच्या) मधला आडवा रिले शाफ्ट, तिथून दुसरा रॉड, मग फोर्क. प्रत्येक सांध्यात थोडा थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला की सगळ्याची बेरीज पेडलवर दिसते. मधली पिन काढली तर इतकी खाल्लेली की खाचेत नख अडकत होतं. लिव्हरचं भोक लांबट झालेलं, शाफ्टचे बुश नावापुरते. हे नट आवळून भरून निघत नाही. नट आवळत पेडलचा फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी चाल) संपवलात तर क्लच दाबून सोडवणारा कार्बनचा रिलीज बेअरिंग सतत घासत राहतो आणि तोही जातो.

सगळं घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका टर्नरकडे गेलो. त्याने भोकं वेल्डिंगने भरून मापाला रीम केली, गनमेटलचे बुश काढले, पिना नव्या करून कडक करून दिल्या. खर्च गिअरबॉक्स उतरवायच्या मजुरीहून कमी. रिव्हर्स आवाज न करता पडला. दादा आजही सांगतात की प्लेट बसली म्हणून गाडी सुधारली. साफ चूक. बसायचीच असती तर ती आधीच्या सगळ्या फेऱ्यांत बसली असती.

राहिली तुमची प्लेट. ती वाकलेली नसेल, हबच्या स्प्लाइन (मधल्या भोकातल्या खाचा) झिजलेल्या नसतील, तर जुनीलाच लायनिंग रिव्हेट करून घ्या, छान चालते. ऑइल मुरलेलं लायनिंग मात्र धुऊन वापरू नका, टाकूनच द्या. मायनरच्या या ए सिरीज इंजिनला क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नसतं, ऑइल परत फिरवायला नुसते आटे असतात. थोडं गळणारच. ते खाली निघून जावं म्हणून बेल हाऊसिंगला खाली भोक असतं, ते मोकळं राहायला त्यात स्प्लिट पिन सैल लोंबत ठेवलेली असते. भोक मातीने बुजू देऊ नका.

आणि हो, पहिल्या गिअरला आणि रिव्हर्सला सिंक्रो (दात जुळण्याआधी वेग सारखा करणारी सोय) नाही. पेडल दाबून दोन-तीन सेकंद थांबून गिअर टाकला तर करकर जाते का, हे आधी बघा. पिना-बुश ठीक निघाले तर क्रँकच्या टोकातला स्पिगॉट बुश (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक ज्यात फिरतं तो) जाम झालेला असू शकतो, तिथे गिअरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही. उतरवलाच तर आत हवा मारू नका, जुन्या लायनिंगच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा.

पण गॅरेजवाल्याने बघितल्या बघितल्या सेटचा भाव सांगितला, तर त्याला आधी गाडीखाली जायला सांगा. पेडल तुम्ही दाबा, आणि फोर्क किती हलतो ते त्याच्या तोंडून ऐका.