डोंगरवाटेसाठी हलकी ई-सायकल

प्रश्न : मी परतवाड्याजवळच्या खेड्यात शेती करतो. चिखलदऱ्याकडच्या चढाच्या पायवाटांसाठी ई-माउंटन बाइक घ्यायची आहे. वजन कमी पाहावे की बॅटरी मोठी?

उत्तर : पायडल मारण्याची आपली तयारी असेल, तर निःसंशय वजन पाहावे. हलक्या सायकली साधारण १६ ते २० किलोंच्या, तर जोरकस मोटारीच्या २२ ते २५ किलोंच्या असतात. दुकानात हा फरक किरकोळ वाटतो, परंतु नाल्याची दरड चढताना सायकल खांद्यावर घ्यावी लागली, की प्रत्येक किलो कळतो. स्वारासह १०० किलो वजन ७०० मीटर उंच नेण्यास केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १९० वॉट-तास ऊर्जा लागते, म्हणून निम्मे काम आपल्या पायांनी केल्यास ३५० वॉट-तासांची बॅटरी पुरावी. मोटार मात्र पायडलच्या आसाजवळचीच घ्यावी, कारण तिला गिअरचा लाभ मिळतो.

आपल्याकडे खरी परीक्षा टायरची असते. बाभळीचा काटा साध्या ट्यूबला सोडत नाही, त्यामुळे आत सीलंट, म्हणजे छिद्र आपोआप बुजवणारा द्रव, भरलेले ट्यूबलेस टायरच बसवावेत. पावसाळ्यात काळी माती चाक आणि फ्रेम यांच्यामध्ये थापली जाऊन चाक जागीच अडते. तेथे निदान बोटभर मोकळी जागा आहे ना, हे स्वतः बोट घालून पाहावे.

मेळघाटच्या राखीव जंगलात वनविभागाच्या परवानगीशिवाय जाऊ नये. उन्हाळ्यात बॅटरी टिनाच्या शेडमध्ये ठेवू नये.