एकट्याने वेब होस्टिंगचा व्यवसाय चालवताना किती क्लायंट झेपतात?

नुसत्या आकड्यावरून कामाचा अंदाज बांधायला गेलात तर फसाल. शंभर साध्या स्टॅटिक साइट महिनोन्महिने एकही तिकीट, म्हणजे मदतीची विनंती, न टाकता पडून राहतात आणि एखादा ऑनलाइन दुकानवाला तुमचा अख्खा आठवडा खातो.

सगळ्यात जास्त डोकं खातो तो ईमेल. साइट पाच मिनिटं बंद पडली तर कित्येकांना कळतही नाही, पण मेल स्पॅममध्ये गेला की लगेच फोन. बहुतेकदा एसपीएफ किंवा डीकेआयएम रेकॉर्ड (मेल खरंच त्या डोमेनकडूनच आलाय, हे पटवणारी नोंद) चुकलेलं असतं. नाहीतर कुणाचं तरी जुनं वर्डप्रेस प्लगइन हॅक होऊन रात्रभर स्पॅम गेलेला असतो, आणि शेअर्ड आयपी, म्हणजे सगळ्या क्लायंटचा मिळून एकच असलेला सर्व्हरचा पत्ता, ब्लॅकलिस्टमध्ये! मग एकाच्या पापाची तक्रार सगळेच घेऊन येतात. म्हणून प्रत्येक खात्यातून तासाला किती मेल जाऊ द्यायचे, याची मर्यादा पहिल्याच दिवशी घाला. जमत असेल तर मेल दुसऱ्या सेवेकडेच सोपवा, मी तर तेच सांगेन.

एसएसएलचं, म्हणजे साइटला https देणाऱ्या प्रमाणपत्राचं, काम आता जवळपास आपोआप होतं. खर्चाकडे मात्र लक्ष ठेवा: सीपॅनेल या होस्टिंग खाती सांभाळायच्या सॉफ्टवेअरने २०१९ पासून परवान्याचा दर खात्यांच्या संख्येशी जोडला आहे, त्यामुळे ओळखीत फुकट दिलेली खातीही बिल वाढवतात.

नवीन क्लायंट घेणं कधी थांबवायचं? बॅकअप रिस्टोअर करून बघायला वेळ मिळेनासा झाला की. आणि तुम्ही आजारी पडलात तर सर्व्हर कोण बघणार, हे ठरल्याशिवाय चोवीस तास सपोर्टचं आश्वासन देऊ नका.