निवारागृहात नर्सचं काम काय?

पत्र: मी लातूरला जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डपेक्षा मला छळातून बाहेर पडलेल्या महिलांच्या निवारागृहात काम करावंसं वाटतं. करोनात अशी ठिकाणं कशी चालली? पुन्हा साथ आली तर माझा तिथे काय उपयोग? आणि ही नोकरी धरावी का? आई म्हणते, चांगली हॉस्पिटलची नोकरी मिळत असताना हे कशाला?

उत्तर: आईचा मुद्दा पगारापुरता खरा आहे, त्याचं शेवटी बोलू. आधी कामाचं.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि निवारागृहांपुढे पहिला पेच उभा राहिला तो नव्या बाईला आत घ्यायचं कसं, हा. काही ठिकाणी ‘आधी निगेटिव्ह रिपोर्ट आणा’ अशी अट घातली गेली. रात्री अकराला घराबाहेर काढलेल्या बाईने रिपोर्ट आणायचा कुठून, आणि तो येईपर्यंत राहायचं कुठे? शिवाय नुकताच झालेला संसर्ग चाचणीत सुटू शकतो, म्हणजे एवढं करून आतल्या बायकांना खात्री मिळत नाहीच. साथीत दार बंद न करता आतल्यांनाही सांभाळायचं, हे जमवायला संसर्गाचं शिक्षण घेतलेलं माणूस लागतं. तुझा उपयोग नेमका इथे.

दारातली तपासणी दहा-पंधरा मिनिटांची. ती मोकळ्या ओसरीत करायची, बंद ऑफिसात नाही. मास्क द्यायचा, ताप आणि ऑक्सिमीटर बघायचा. बोटावर मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा फसवतो, दुसरं बोट घ्यायचं; बोटं गार असतील तर चोळून गरम करायची. ऑक्सिजन 94 च्या खाली असेल तर थेट रुग्णालय. इथवर तुला सगळं माहीत आहे. वॉर्डात सहसा न शिकवलेली गोष्ट पुढे आहे: मारहाणीची लक्षणं आणि करोनाची लक्षणं एकमेकांसारखी दिसतात. आवाज बसलाय, गिळताना दुखतंय, खोकला येतोय, तर गळा दाबलेला असू शकतो. गळ्यावर वळ नसले तरीही. डोळ्यांत आणि पापण्यांवर रक्ताचे बारीक ठिपके आहेत का बघ आणि ‘कुणी गळा धरला होता का?’ असं सरळ विचार. अशी बाई नंतरच्या काही तासांत, कधी काही दिवसांनीही बिघडू शकते, म्हणून तिला डॉक्टरांना दाखवायचंच. वास येत नसेल तर डोक्याला मार बसलाय का, हेही विचारायचं. करोना समजून तिला नुसतं वेगळ्या खोलीत ठेवलं तर घात होतो.

लैंगिक अत्याचार झाला असेल तर विलगीकरण मागे, रुग्णालय पुढे. एचआयव्ही टाळणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, गर्भनिरोधक गोळीही जितकी लवकर तितकी बरी. तोवर पुरावा टिकावा म्हणून अंघोळ घालायची नाही आणि कपडे प्लॅस्टिकच्या नाही, कागदी पिशवीत ठेवायचे. उपचार मोफत देणं सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांवर कायद्याने बंधनकारक आहे. साथीत ‘बेड नाही’ हे उत्तर ऐकायला मिळतं. तेव्हा हा नियम तोंडपाठ असलेली व्यक्ती सोबत लागते.

आता खोली. साधारण तीस जणींच्या गृहात नव्या बाईसाठी एक खोली काढतात आणि इथेच हिशेब चुकतो. 2020 मध्ये विलगीकरण चौदा दिवसांचं होतं. पहिली बाई दहाव्या दिवशी असताना दुसरीला त्याच खोलीत घातलं की पहिलीचे दिवस पुन्हा एकपासून मोजावे लागतात. म्हणून मोठ्या एका खोलीपेक्षा लहान तीन बऱ्या: नव्या, लक्षणं असलेल्या आणि बाधित. जागाच नसेल तर दोन खाटांत दोन मीटर अंतर, एकीचं डोकं असेल तिकडे दुसरीचे पाय, खिडक्या उघड्या. स्वच्छतागृह मात्र वेगळं हवंच.

खोलीला बाहेरून कडी लावायची नाही, हे मी अधोरेखित करून सांगेन. नवऱ्याने महिनोन् महिने कोंडून ठेवलेल्या बाईला तुम्हीही कोंडलंत, तर ती पळून जाईल किंवा स्वतःला इजा करून घेईल. कडी आतून असावी, दिवसात ठरलेल्या वेळी दोनदा तरी दारात किंवा फोनवर तिच्याशी बोलणं व्हावं. गोळ्या दोन-तीन दिवसांपुरत्याच द्यायच्या. फिनेल, ब्लीच, लांब ओढण्या, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या खोलीत ठेवायच्या नाहीत. दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली संसर्गासाठी उत्तम वाटते, पण आत्महत्येच्या दृष्टीने तीच सगळ्यात वाईट. अंगावर पिणारं मूल असेल तर आईपासून तोडायचं नाही. मास्क लावून, हात धुऊन तिने पाजावं.

फरशी, कड्या, नळ पुसायला एक टक्क्याचं हायपोक्लोराइट: बाटलीवर 5 टक्के लिहिलं असेल तर 200 मिली द्रावण, 800 मिली पाणी. रोज ताजं करायचं, कारण ठेवलेल्याची ताकद जाते. दहा मिनिटं राहू द्यायचं, धातूवर नंतर पाण्याचं फडकं फिरवायचं. संडास धुवायच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो. सफाईच्या मावशींना हे स्वतः करून दाखव, भिंतीवर कागद चिकटवून काम होत नाही.

सगळ्यात अवघड भाग पत्ता गुप्त ठेवण्याचा. साथीत आरोग्य खात्याला बाधितांचा पत्ता हवा असतो, दारावर प्रतिबंधित क्षेत्राचा फलक लागतो, 108 ची गाडी फाटकाशी उभी राहते आणि गल्लीला कळतं इथे काय आहे. त्यामुळे आरोग्य विभागातल्या एकाच अधिकाऱ्याशी आधीच बोलून ठेवायचं, गाडी चौकात बोलवायची, कागदपत्रांवर संस्थेच्या ऑफिसचा पत्ता द्यायचा. बाई साथीच्या उपचार केंद्रात गेली तर तिथल्या सिस्टरला सांगून ठेवायचं की फोनवर कुणालाही माहिती देऊ नका, ‘मी तिचा भाऊ बोलतोय’ म्हणणाऱ्यालाही. ती गेल्यावर मुलं कोण सांभाळणार, हे प्रवेशाच्या दिवशीच लिहून घ्यायचं. फोन काढून घेऊ नये, भेटी बंद असताना तोच तिचा आधार असतो. पण लोकेशन बंद करायचं आणि नवऱ्याला पासवर्ड माहीत असलेलं खातं आधी काढायचं.

साथ नसतानाही हे शिक्षण वाया जात नाही. खरूज, उवा, डोळे येणं, क्षयरोग यांच्याशी सामूहिक निवासात वर्षभर गाठ असते.

आता नोकरी. जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटर या सरकारी मदत केंद्रामध्ये बाईला पाच दिवसांपर्यंत राहता येतं आणि तिथे वैद्यकीय मदतीसाठी कर्मचारी असतात. जास्त दिवसांच्या निवासासाठी शक्ती सदन आहे. 2022 पासून केंद्र सरकारच्या मिशन शक्तीमध्ये निराधार महिलांसाठीची जुनी स्वाधार गृह आणि मानवी तस्करीतून सुटलेल्यांसाठीची उज्ज्वला (गॅसची नव्हे) या योजना त्यात एकत्र केल्या. ही बहुतेक पदं मानधनावरची. अनुदान उशिरा आलं की मानधनही लांबतं, तेवढी तयारी हवी. आईला धीर देणारा रस्ता वेगळा आहे: सार्वजनिक रुग्णालयात नोकरी धर आणि छळाच्या खुणा ओळखणारी नर्स हो. मुंबईत 2000 साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ संस्था आणि महापालिकेने छळ सोसणाऱ्या महिलांसाठी सुरू केलेलं ‘दिलासा’ केंद्र याच विचारातून उभं राहिलं. माझा कौल पहिली दोन वर्षं अपघात विभागाला. तिथे जखमांची नोंद नीट लिहायला शिकशील, कोर्टात तोच कागद उभा राहतो.

पुढे एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करायचं मनात असेल तर एक अडचण आहे. जीएनएम ही पदविका आहे, एमएसडब्ल्यूला पदवी लागते. आधी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग कर. महिला व बाल विकास विभागातली, छळ झालेल्या महिलांना कायद्याची मदत मिळवून देणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याची जागा डोळ्यांसमोर असेल तर जाहिरातीतली पात्रता आत्तापासून वाचत जा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, 2005 आणि त्याच्या नियमांतला घरगुती घटना अहवालाचा नमुना या सुट्टीतच वाचून काढ.

मुलाखतीला गेलीस तर तीन गोष्टी विचार: रात्री ड्यूटीवर किती जणी असतात, अधीक्षिका आजारी पडल्या तर निर्णय कोण घेतं, आणि स्वयंपाकाच्या मावशी आजारी पडल्या तर तीस जणींचं जेवण कोण करतं. तिसऱ्याचं उत्तर त्यांच्याकडे नसेल, तर त्या संस्थेने साथीची तयारी केलेली नाही असं समज.