पिझिकाटो लिहिलं की ते कुठपर्यंत चालू?

प्रश्न: माझी मुलगी १३ वर्षांची, इथे इंग्लंडमध्ये शाळेच्या ऑर्केस्ट्रात सेकंड व्हायोलिन वाजवते. परवा रिहर्सलला पहिल्या पानावर पिझिकाटो लिहिलेलं होतं, तिनं तार बोटानं छेडून वाजवलं, पण पान उलटल्यावर वर काहीच नव्हतं म्हणून तिनं बो (व्हायोलिनचा गज) लावला आणि सगळ्यांत तिचा एकटीचाच आवाज मोठा आला. घरी येऊन खूप रडली. अर्थ तर तिला माहीत होता, मग चुकलं कुठे? आणि हे शब्द इटालियनच का?

उत्तर: ताई, आधी तिला सांगा की ही चूक भल्याभल्यांच्या हातून झालेली असते. शब्दाचा अर्थ तिला बरोबरच कळला होता, तो कधीपर्यंत लागू ते कोणी सांगितलं नव्हतं. शाळेत पीटीला सावधान म्हटलं की विश्राम ऐकू येईपर्यंत आपण तसेच उभे राहायचो ना, अगदी तसंच. पिझिकाटोचा विश्राम म्हणजे आर्को, म्हणजे बो. मध्ये पान उलटो नाहीतर वीस बार (तालाचे छोटे भाग) गप्प बसायला लागो, आर्को दिसेपर्यंत बोटानंच वाजवायचं. चायकोव्हस्की या संगीतकाराच्या चौथ्या सिंफनीत तिसऱ्या मूव्हमेंटभर (म्हणजे तिसऱ्या भागात) तंतुवाद्यांना बो लावायचाच नसतो, ती तिला जरूर ऐकवा, भीती जाऊन मजा वाटायला लागेल.

असेच आणखी काही शब्द आहेत. कॉन सॉर्डिनो आलं की ब्रिजवर (तारांखालच्या लाकडी घोडीवर) म्यूट, म्हणजे आवाज दबका करणारा तुकडा, चढवायचा, तो सेन्झा सॉर्डिनो येईपर्यंत काढायचा नाही. डिव्हिझी म्हणजे सेक्शन (एकाच वाद्याचा गट) वाटून वेगवेगळे स्वर वाजवायचे, बहुतेक वेळा एका स्टँडवरचे दोघं वरचा-खालचा स्वर वाटून घेतात, आणि उनिसोनो आलं की परत एकत्र. स्फोर्झांडो, म्हणजे एकदम जोर देऊन वाजवणं, मात्र त्या एका स्वरापुरतंच.

इटालियन का, तर १६०० च्या आसपास ऑपेरा इटलीत फ्लोरेन्समध्ये सुरू झाला, उत्तम व्हायोलिनं तिथल्याच क्रेमोना शहरात बनत होती आणि इटालियन संगीतकार युरोपभरच्या दरबारांत नोकरीला होते, त्यांच्याबरोबर त्यांचे शब्दही पसरले. पण सगळ्यांनी तेच पाळलं असं नाही, माहलर या संगीतकाराच्या स्कोअरमध्ये (स्वरलिपीत) ढीगभर सूचना जर्मनमध्ये आहेत.

आणि तिच्या केसमध्ये एक पेन्सिल कायम ठेवा. पान उलटल्यावर पहिल्या ओळीच्या वर तिनं स्वतः पिझिकाटो लिहून ठेवायचं, व्यावसायिक वादकसुद्धा पार्टवर (आपल्या वाद्याच्या स्वरलिपीच्या पानांवर) अशा खुणा करतात.