घासू नका, आधी बघा

प्रश्न : काका, नमस्कार. वाघोलीला फ्लॅट घेतला तेव्हा सिंक '304' नंबरच्या स्टेनलेस स्टीलचं आहे असं सांगून दुकानदाराने चांगले पैसे घेतले. आठ महिन्यांत सिंकमध्ये बारीक तपकिरी ठिपके आले आणि नळाखाली पांढरा पट्टा धरला. भांड्यांच्या मावशी रोज तारेच्या घासणीने सिंक घासतात. मी एकदा टॉयलेट क्लीनरही टाकून पाहिलं, तर ठिपके वाढले. चुंबक चिकटत नाही, म्हणजे माल खरा ना? मग गंज कसा? – एक वाचक, वाघोली

उत्तर : ताई, टॉयलेट क्लीनरपाशी आलो आणि चहाचा कप खाली ठेवला. त्याच्याकडे येतोच, आधी ठिपक्यांचं बघू.

भोसरीला माझं वर्कशॉप होतं. मेस, खानावळी, मंगल कार्यालयं यांची टेबलं आणि सिंक आम्ही करायचो. सुरुवातीच्या दिवसांत एका मेसचं काउंटर बफिंग करून अगदी आरसा करून पाठवलं. आठवड्याच्या आत मालकाचा निरोप, "तुमच्या स्टीलला गंज चढलाय, घेऊन जा." मी पत्रा देणाऱ्याला वाट्टेल ते बोललो. चूक माझीच होती. काउंटरच्या शेजारी आमचा पोरगा ग्राइंडरवर लोखंडी अँगल कापत होता. त्या ठिणग्या म्हणजे लोखंडाचे कण. ते पत्र्यावर जाऊन बसले आणि पावसाळी हवेत गंजले. खालचं स्टील जसंच्या तसं होतं. त्यानंतर लोखंडाला लावलेलं चाक मी स्टीलला कधी लावू दिलं नाही.

तुमच्या मावशी रोज तेच करतायत, फक्त ग्राइंडरशिवाय. घासणी रात्रभर ओली ठेवा. सकाळी लाल झाली तर ती लोखंडी तार आहे, तिचे तुकडे सिंकमध्ये बसतात आणि ठिपके दिसतात. घासणी चांगल्या स्टीलची असली तरी ओरखडे काढतेच. त्या ओरखड्यांत खरकटं आणि मीठ अडकतं, मग पुन्हा जोर लावून घासायचं. नायलॉनची घासणी आणून द्या, आणि मावशींना रागावू नका. चकचकीत दिसलं नाही तर आपणच त्यांना बोलतो.

आता चुंबक. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, भांड्यांवर '18/8' लिहितात ते हेच. त्याला चुंबक सहसा चिकटत नाही, हे खरं. पण स्वस्तातल्या 202 नंबरच्या स्टीललाही चिकटत नाही! त्यात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. तेव्हा चुंबकावरून दुकानदार खरा ठरत नाही, खोटाही ठरत नाही. भंगारवाले पत्र्यावर औषधाचा थेंब टाकून वर बॅटरी टेकवतात. थेंब लाल झाला तर 202. भांडायला जायचंच असेल तर ती तपासणी करून जा.

पण 304 असलं तरी टॉयलेट क्लीनरपुढे तेही टिकत नाही. स्टील टिकतं ते क्रोमियमच्या ऑक्साइडच्या थरामुळे. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या दोन-चार भागांएवढी त्याची जाडी. ओरखडा पडला की हवेतल्या ऑक्सिजनने तो आपोआप पुन्हा धरतो, म्हणून वर्षानुवर्षं काही होत नाही. क्लोराइड मात्र त्याला भोकं पाडतं. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं, म्हणजे क्लोराइडच. ब्लीचचंही तसंच. पत्र्यावर नुसतं मीठ ओलं राहिलं तरी हळूहळू तेच होतं. ती बाटली सिंकखालच्या कपाटात ठेवत असाल तर आज हलवा. झाकण सैल असलं तर तिच्या वाफेने सिंकचा तळ आणि कपाटाच्या बिजागऱ्या गंजतात. असं सिंक मी स्वतः उतरवलंय. मालकीणबाई गळती शोधत होत्या. आणि ब्लीच व अ‍ॅसिड एकत्र कधीही नको, क्लोरीन वायू सुटतो.

करायचं काय? लिंबाचं फूल, म्हणजे किराणा दुकानातलं सायट्रिक अ‍ॅसिड, चमचाभर घेऊन कोमट पाण्यात दाट कालवा. ठिपक्यांवर लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा, मऊ कापडाने पुसा, भरपूर पाण्याने धुवा, कोरडं करा. पत्र्यावर बारीक रेघा असतील तर हात त्या रेघांच्या दिशेनेच फिरवा, आडवा नाही. मग नखाने चाचपा. गुळगुळीत लागलं तर डाग स्टीलवर होता, गेला. नख अडकलं तर डाग स्टीलला आहे, खड्डा पडलाय. तो घासून बुजत नाही. कोरडा ठेवलात तर वाढायचा थांबेल, एवढंच.

पांढरा पट्टा गंज नाही. तुमच्याकडे टँकरचं, म्हणजे बहुतेक बोअरचं पाणी येत असणार. त्यातला चुना वाळून बसतो. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं त्यावर अर्धा तास ठेवा, सुटतो. त्यात खायचा सोडा घालू नका. फसफसतं म्हणून लोकांना काम झाल्यासारखं वाटतं, पण आंबट आणि सोडा एकमेकांना मारतात आणि हातात जवळजवळ साधं पाणी उरतं. रोज रात्री सिंक कोरड्या फडक्याने पुसलंत तर पट्टा धरणारच नाही. पेठेत खडकवासल्याचं पाणी पिऊन मोठे झालेले आम्ही, उपनगरात राहायला गेलो तेव्हा हे पुसणं शिकलो.

प्रश्न : चिमणीच्या जाळ्या गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्यात भिजवल्या. तेल निघालं, पण जाळ्या काळ्या पडल्या. स्टील काळं पडतं का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : त्या जाळ्या स्टीलच्या नव्हत्याच. चाळणीसारखी विणलेली हलकी जाळी बहुधा अ‍ॅल्युमिनियमची असते आणि धुण्याचा सोडा अ‍ॅल्युमिनियमला खातो. काळेपणा जाणार नाही, पण जाळी फाटली नसेल तर वापरा. यापुढे गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, बस. आडव्या पन्हाळ्यांसारख्या पट्ट्यांचा जड फिल्टर असेल तर तो स्टीलचा. त्याला सोडा खुशाल चालतो. फोडणीचं घर असेल तर दर पंधरा दिवसांनी भिजवा, तेल चिकट होऊन बसलं की दुप्पट मेहनत पडते.

प्रश्न : फ्रिजच्या स्टीलच्या दारावर बोटांचे ठसे उमटतात म्हणून लिंबू-मीठ लावून घासलं. आता मधोमध वेगळाच चकाकणारा पट्टा दिसतो. – एक वाचक, सहकारनगर

उत्तर : लिंबू-मीठ तांब्याच्या घंगाळाला. तुमच्या दारावर बहुधा ठसे उमटू नयेत म्हणून दिलेला पातळ लेप होता; मिठाच्या खड्यांनी तो तुम्ही मधोमध घासून काढलात. घरी परत चढवता येत नाही. उरलेलं दार तरी जपा : ओलसर मऊ कापड, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मग कोरडं कापड. दाराला चुंबक चिकटत असेल तर त्या पट्ट्यावर दुधाच्या हिशेबाचा कागद लावा. आमच्या फ्रिजवरही एक असाच कागद आहे. त्याच्याखाली काय आहे ते आमच्या हिला विचारू नका, तो पराक्रम माझा आहे.